दोन्हीकडे निळीच

चहा आधी पिऊन घ्या, कारण हे ऐकल्यावर तुमच्या घरची लाईन जोडायला मला कोणी बोलावणार नाही! मी गोंदियात इंटरनेटच्या लाईनी जोडतो, आणि माझी सासरवाडी दवनीवाडा. आता सासरवाडीच्या पंचायतीतच फायबर जोडायचं काम निघालं, तर जावयानं छाती किती फुगवावी?

त्यात मेहुणीची, रजनीची, त्याच दुपारी नोकरीची ऑनलाइन मुलाखत. मीच म्हटलं, "मोबाईलवर कायले देतेस? पंचायतीत येऊन बस. समोरच्याले वाटंल, तू बाजूच्याच खोलीत आहेस!"

सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या टॉवरवर एक मोड्यूल बसवलं. मोड्यूल म्हणजे बोटाएवढी धातूची डबी. विजेच्या सिग्नलचा उजेड करून काचेच्या तारेत सोडते, अन् तिकडून आलेला उजेड वाचते. दुसरी डबी पंचायतीत बसवली.

लाईन सुरूच होईना! काढली, पुसली, परत घातली. शून्य.

"काय झालं जावई?" सासरे.

"माहीत नाही" म्हणायला काय जात होतं माझं? पण खिडकीतून मुरलीधरकाकांचा चिखलानं माखलेला ट्रॅक्टर दिसला. केबल त्यांच्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गेलेली.

"नांगरानं केबल तुटली," मी ठोकून दिलं. तारेत उजेड येतो की नाही ते सांगणारा मीटर पिशवीतच होता हो! पण ट्रॅक्टर समोर दिसत असताना मीटर कोण काढतो?

गाव जमलं. सासरे कडाडले, "काऊन गा मुरलीधर, आजच सापडला का तुले नांगर?"

"धुऱ्याले हात नाही लावला बाप्पा!" काका कळवळून म्हणाले. कोण ऐकतो? फावडी आली. खणलं, केबल साबूत. पुढं खणलं, तिथंही साबूत!

रजनी रडवेली झाली. काका तिच्याजवळ गेले. "चाल पोरी, मोठ्या रस्त्यावर मोबाईलले रेंज चांगली रायते." तिला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन गेले.

लोक आता माझ्याकडे बघून राहिले. मग मी ज्ञान पाजळायला घेतलं. "जाणं-येणं एकाच तारेतून होते. म्हणून दोन टोकांच्या डब्या उलट्या लागतात. एकीकडे निळ्या कडीची, तर दुसरीकडे पिवळ्या. निळीचा उजेड पिवळीच वाचते. दोन्हीकडे निळीच लावली, तर दोघी बोलतील, अन् ऐकणार कोण..."

बोलता बोलता माझीच नजर डबीवर गेली. समोरच्या मशीनमध्ये निळी. सकाळी टॉवरवर लावली, तीही निळी. पिशवीत हात घातला. दोन पिवळ्या शेजारी शेजारी, गुण्यागोविंदानं!

डबी बदलली, लाईन क्षणात सुरू झाली. रजनीची मुलाखत तोवर ट्रॅक्टरवर बसूनच झाली होती, आणि चांगली झाली होती.  ज्याला गावासमोर चोर ठरवलं, त्यानंच माझी लाज झाकली. बरं, मी एकदा म्हटल्यावर कोणी त्याचं ऐकलंच नाही, कारण मी जावई आणि मी शिकलेला!

संध्याकाळी त्याच लोकांना घेऊन काकांकडे गेलो. काका ट्रॅक्टर धुवत होते. सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, चूक माझी. डब्या मीच दोन्हीकडे एकसारख्या लावल्या. माफ करा. द्या, ट्रॅक्टर मी धुतो."

काकांनी बादली पुढं केली.

"धुवा. पण चाकाइले हात नका लावू जावई. मोठे दोन्ही एकाच बाजूले बसवून द्याल!"