तीन ठिकाणी नीट

सुमंत दंडिगे नेमकं काय काम करतो, हे नागपुरात सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. याला कारण त्याची आई. कुणी विचारलं की यमुताई ठसक्यात सांगतात, "आमचा सुमंत घरी बसून ड्रायव्हर तपासतो." त्यामुळे समोरच्या मनोहररावांनी एकदा नातवाच्या लायसनसाठी शब्द टाकून पाहिला होता.

सुमंतने त्यांना खुर्चीत बसवून सगळं समजावलं. कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बाजारात नवी चिप आली की या कारभाऱ्याला तिची ओळख नसते. तिच्याशी बोलायचं कसं, हे शिकवणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. जगभरातले लोक असे ड्रायव्हर लिहून सगळ्यांसमोर मांडतात, आणि त्यातले वीज सांभाळणाऱ्या चिपांचे जे असतात ते सुमंत तपासतो. कुठल्या भागाला किती वीज द्यायची, आधी कुणाला, मग कुणाला, आणि बंद करताना कुणाची आधी काढून घ्यायची, हे त्या चिपचं काम. ते चुकलं तर नवंकोरं यंत्र पहिल्याच दिवशी गार. मनोहररावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आरटीओत ओळख नाही तुझी."

खरं तर यमुताईंनी दुसरंही एक वाक्य तयार ठेवलेलं आहे आणि ते जास्त खरं आहे: "याला नुक्स काढायचा पगार मिळतो."

फुकटातही तो खोट काढतोच, ही घरच्यांची तक्रार. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसासमोर तो आधी पत्रिकेतलं शुद्धलेखन बघतो, मग तारीख. पोह्यांची बशी हातात आली की शेंगदाणे सगळे एका बाजूला गोळा झालेत हे त्याला पहिल्यांदा दिसतं. त्याची बायको अदिती याला आता सरावली आहे. ती बशी त्याच्यासमोर ठेवते आणि स्वतःच विचारते, "हं, काय निघालं?" काही निघालं नाही तरी "छान झालेत" असं त्याच्या तोंडून येत नाही. तो नुसता खातो. घरात त्यालाच पसंती समजतात.

कामातही त्याची हीच रीत. मोठी चूक दिसली की तो मन लावून लांबलचक लिहितो: हे असं का चालणार नाही, मग कसं करावं. इतकं समजुतीनं लिहितो की अदितीला त्या परक्या लोकांचा हेवा वाटतो. पण किरकोळ काही खटकलं, एखादी फालतू रिकामी ओळ, एखादा चुकलेला शब्द, की त्याला कंटाळा येतो. मग तो त्या जागेखाली इंग्रजीतली तीनच अक्षरं टाकतो. एन, आय, टी. 'निट'. त्या धंद्यातला तो शब्द आहे, किरकोळ खोट म्हणून. बाकीचे लोक त्याच्यापुढे काय खटकलं तेही लिहितात. सुमंत तेवढेही कष्ट घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, असं त्याचं म्हणणं.

तर मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी कूलरसमोर बसून सुमंत दात-ओठ खात होता.

ऋतुजा एस. एवढंच नाव लावणाऱ्या कुणा मुलीनं एका नव्या चिपचा ड्रायव्हर पाठवला होता. तिचा हा पहिलाच. आठवड्यापूर्वी सुमंतने तो तपासला, बंद करताना वीज काढायचा क्रम उलटा पडलाय हे सविस्तर दाखवून दिलं, आणि तीन ठिकाणी 'निट' टाकलं. आज तिचा दुसरा खर्डा आला होता. क्रम तिनं इतका सुरेख बसवला होता की सुमंतची मान आपोआप डोलली. पण ती तीन ठिकाणं? जशीच्या तशी. रिकामी ओळ तिथंच. चुकलेलं स्पेलिंग तिथंच. आणि चिपच्या वेगवेगळ्या वीजवाटांच्या नावांची ती यादी, जी त्याच्या मते अकारविल्हे असायला हवी होती, तीही तश्शीच वेडीवाकडी.

वर पत्राच्या शेवटी विनंती: आज संध्याकाळी नवे ड्रायव्हर आत घ्यायच्या या फेरीचं दार बंद होतं, तेवढ्यात झालं तर फार उपकार होतील, नाहीतर कंपनी हे काम माझ्याकडून काढून बंगळूरच्या लोकांना देणार आहे.

"घाई आहे म्हणते आणि साधी रिकामी ओळ काढवत नाही!" सुमंत पुटपुटला आणि उत्तर लिहायला बसला. बोटं अशी चालली की कीबोर्डाचा आवाज स्वयंपाकघरात गेला.

अदिती हात पुसत बाहेर आली. "कुणाला भाजून राहिलात?"

रागाचं पत्र तिला वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही, असा घरचा कायदा आहे. पूर्वी एकदा फिनलंडच्या एका सद्गृहस्थांना त्याने असं काही लिहिलं होतं की नंतर माफीचं पत्र अदितीनं सांगितलं आणि त्यानं फक्त टाइप केलं. तेव्हापासूनचा हा कायदा.

त्याने मराठीत सांगितलं. "लिहिलंय की, माझ्या तीनही सूचना तुम्ही जाणूनबुजून डावलल्या. ज्याला बारीक गोष्टींची पर्वा नाही त्याच्या हाती वीज देणं मला मान्य नाही. हा ड्रायव्हर मी यापुढे तपासणार नाही."

"तुम्ही नाही तपासला तर दुसरं कुणी?"

"आज शनिवारी कोण तपासतं? ड्रायव्हरखाली माझं नाव नसेल तर वरचा माणूस तो आत घेणार नाही. जाईल पुढच्या फेरीत."

"म्हणजे बंगळूरला."

"तो तिचा प्रश्न आहे."

"चहा घ्या, मग पाठवा," एवढंच म्हणून अदिती आत गेली. तेवढ्यात फाटक वाजलं.

सक्करदरा चौकात बॅटऱ्यांचं दुकान असलेले ईश्वरदास आले होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला ते दर उन्हाळ्यात स्वतः येतात, नोकराला पाठवत नाहीत. घराणं उमरेडकडचं, विणकरांचं, पण ईश्वरदासांच्या वडिलांनीच माग मोडून दुकान टाकलं. आज त्यांच्या एका हातात पाण्याची कॅन होती आणि दुसऱ्या हातात तेलानं पारदर्शक झालेला कागदाचा पुडा.

"काकू, आधी हे घ्या. गरम हायेत." त्यांनी आलुबोंड्यांचा पुडा यमुताईंपुढे ठेवला.

"काहून गा, ईश्वरदास? लग्न जमलं का पोरीचं?"

"लग्नाचं काय घेऊन बसल्या काकू! त्याच्याहून मोठं काम झालं. माह्या ऋतुजाले शाबासकी भेटली."

सुमंतने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"ते पारसोडीले कंपनीत हाये ना, तिथं तिनं काहीतरी ड्रायव्हर का काय ते लिहिलं. मले त्यातलं काही समजत नाही. त्याले तपासाले एक मोठा साहेब हाये म्हणते. लय खडूस. कोणालेच चांगलं म्हणत नाही. लोक घाबरतात त्याले."

"असतात बाई अशी माणसं," यमुताई मनापासून म्हणाल्या.

"पण माह्या पोरीच्या कामावर त्यानं, काकू, तीन जागी, एक नाही दोन नाही, तीन जागी 'नीट' लिहिलं!"

अदिती दारात थांबली.

"काय लिहिलं?" सुमंतने विचारलं.

"नीट. इंग्रजी अक्षरात, पण मराठीत. एन, आय, टी. मी पाह्यलं तं मले वाटलं एनआयटीच्या प्लॉटवाल्या हापिसाचं काही झंझट हाये, लेआउटचा टॅक्स-बिक्स राह्यला असन. तं ते हसाले लागली. म्हणे, बाबा, साहेब नागपूरचाच हाये, त्याच्या ईमेलातच नागपूर लिहिलं हाये. बाकीच्या दुनियेले इंग्रजीत सांगते, मले घरच्या भाषेत सांगून राहिला. एक मोठी चूक दाखवली, ते इंग्रजीत. आन् जे बरोबर हाये तिथं, नीट. म्हणजे बरोबर केलं पोरी तू, हात नको लावू."

ईश्वरदासांनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि घाम पुसला. "साहेब, घ्या ना. थंडे होतील."

सुमंतने आलुबोंडा घेतला. अख्खा खाल्ला. त्यात मीठ कमी होतं, पण आज तो ते बोलला नाही. अदिती पदर तोंडाला लावून पुन्हा स्वयंपाकघरात गेली, आणि तिथं बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. भांडी मात्र घासून झालेली होती.

बॅटरीत पाणी घालून ईश्वरदास गेले. फाटक लागल्याबरोबर अदिती बाहेर आली.

"अहो खडूस साहेब."

"आता तू सुरू होऊ नको."

"त्या शब्दाचा खरा अर्थ तरी काय?" यमुताईंनी विचारलं. त्यांना एवढंच कळलं होतं की काहीतरी मजेदार घडलंय आणि त्यांना कुणी सांगत नाहीये.

सुमंतने घसा साफ केला. "किरकोळ खोट. म्हणजे... मूळ शब्दाचा अर्थ लीख."

"लीख? डोक्यातली?"

"हो."

यमुताईंनी हातातला आलुबोंडा पुड्यात परत ठेवला. "अरे, तो बिचारा पोरीच्या कौतुकाचं खायला घालून गेला, आणि तू तिच्या कामात उवांची अंडी मोजून राहिला होतास?"

"आई, सगळं जग तोच शब्द वापरतं!"

"जग वापरू दे. तू तर नागपूरचा आहेस ना?"

सुमंतने रागाचं पत्र उघडलं, पुन्हा एकदा वाचलं आणि पुसून टाकलं.

"मग आता सही करून टाका," अदिती म्हणाली. "एका रिकाम्या ओळीनं काय आग लागणार आहे?"

"नाही."

"अहो, आलुबोंडे खाल्लेत तुम्ही."

"म्हणूनच नाही. माझं नाव खाली लागलं म्हणजे मी सगळं बघितलंय असं. तिचं ती दुरुस्त करेल. तिला वेळ आहे संध्याकाळपर्यंत." मग जरा थांबून, "फक्त तिला सांगायचं कसं?"

हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला असावा. अदिती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

पत्र लिहायला दुपार झाली. सगळ्यांसमोर लिहिलेल्या त्या पत्रात त्याने कबूल केलं की, मी आळस केला. तो शब्द आमच्या भाषेतल्या एका चांगल्या शब्दासारखा दिसतो, आणि तो चांगला शब्द इथं मला म्हणायचा नव्हता. त्या तीन जागी मला खरं तर हे म्हणायचं होतं. आणि मग एकेक जागा घेऊन, काय खटकलं आणि का, ते पूर्ण वाक्यात. शेवटी अदितीच्या आग्रहावरून आणखी एक ओळ: वीज काढायचा क्रम तुम्ही फार सुंदर बसवला आहे. ही ओळ टाइप करताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं. अदिती जागची हलली नाही.

पत्र गेलं. मग सुरू झाला तो खरा उन्हाळा. सुमंत उठून पाणी प्यायला, बसला, पुन्हा उठला. पोरगी हिरमुसली असेल. बापाला काय तोंड दाखवू म्हणून रडत असेल. चार वाजून गेले, उत्तर नाही. यमुताई दर थोड्या वेळानं विचारत होत्या, "आलं का रे त्या पोरीचं?"

उन्हं उतरता उतरता तिसरा खर्डा आला.

पत्र छोटंसं होतं. रिकामी ओळ काढली. स्पेलिंग सुधारलं. समजावून सांगितल्याबद्दल आभार. आणि मग: "नावांच्या यादीबद्दल. ती अकारविल्हे केलेली नाही, कारण चिपच्या पुस्तिकेत वीजवाटांचे क्रमांक याच क्रमानं आहेत आणि पुढचा सगळा भाग त्या क्रमावर चालतो. नावं हलवली तर पडद्याची वीज मेमरीला जाईल. ही जागा मी पुन्हा तपासली. ती नीटच आहे." तो एक शब्द तिनं इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिला होता. दोन ई घालून.

सुमंतने चिपची पुस्तिका उघडली. बोट ठेवून एकेक ओळ लावून पाहिली. मग परत पाहिली. मुलगी बरोबर होती. तिला 'निट'चा अर्थ पहिल्याच दिवशी कळला असता आणि बिचारीनं घाबरून त्याचं ऐकलं असतं, तर ते यंत्र पहिल्याच दिवशी गार झालं असतं, आणि त्याच्याखाली नाव सुमंत दंडिग्यांचं असतं.

"काय झालं?" अदितीने विचारलं.

"काही नाही," सुमंत म्हणाला. "खोट माझ्यात निघाली."

"किरकोळ?"

"नाही. परिच्छेदभर लिहावी अशी."

त्याने ड्रायव्हरखाली आपल्या नावाची ओळ लावली. त्याच्याखाली, थोडा विचार करून, दोन ई घालून एकच शब्द लिहिला. दार बंद व्हायच्या आत ड्रायव्हर आत गेला. रात्रीच्या जेवणाआधी वरच्या माणसाचं, जर्मनीतून, विनम्र पत्र आलं की, हा शेवटचा शब्द कशाचं लघुरूप आहे, आणि ते आपल्या नियमांत घालावं काय?

पारसोडीचं काम पारसोडीलाच राहिलं. ईश्वरदासांना अजून कुणी सांगितलेलं नाही की तो खडूस साहेब कोण. ऋतुजाला माहीत आहे की नाही, कोण जाणे. सुमंत दुकानासमोरून गेला की ती हल्ली त्याच्याकडे बघून जरा जास्तच हसते.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पोहे होते. अदितीने बशी समोर ठेवली आणि सवयीनं विचारलं, "हं, काय निघालं?"

शेंगदाणे सगळे एका बाजूला होते. सुमंतने ते बघितले, चमच्याने सारखे केले, एक घास घेतला.

"नीट," तो म्हणाला.

अदितीने कमरेवर हात ठेवले. "कोणतं? आपलं की लिखेचं?"