मंगळवार-शुक्रवारची जागा

दिल्लीत घरासमोरचा रस्ता सरकारचा असतो, पण गेटसमोरची एका गाडीपुरती जागा त्या घराची असते. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणूनच सगळे ते कसोशीने पाळतात. गाडी बाहेर गेली की जागेवर काहीतरी ठेवायचं. कुणी विटा ठेवतं, कुणी बंद पडलेली स्कूटर, कुणी रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभी केलेली सळई. आम्ही दोन कुंड्या ठेवायचो. आमच्यासारख्या भाडेकरूंना तेवढंच शोभतं, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात आमच्या कुंड्या सरकायला लागल्या. सकाळी मुलीला शाळेत सोडून परत यावं, तर कुंड्या भिंतीशी नीट लावलेल्या आणि जागेवर समोरच्या अंकलची पांढरी गाडी. रोज नाही. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी.

नेमकं त्याच दोन दिवशी आईला फिजिओथेरपीला न्यायचं असायचं. कराडला पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर मी तिला इकडे घेऊन आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की, या दोन-तीन महिन्यांत पाय चालता केला नाही तर तो जन्मभर असाच राहील. घरी येणारा एक जण मिळाला होता, पण परक्या पुरुषाने पायाला हात लावलेला आईला चालेना. हॉस्पिटलात बाई होती. गाडी गेटसमोर असली की वॉकर धरून आई कशीबशी बसायची. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागली की तेवढं अंतर तिला जमायचं नाही. व्हीलचेअरचं नाव काढलं की जेवणावर बहिष्कार. एकदा गाडी रस्त्यात मध्येच थांबवून तिला बसवायला गेले, तर मागून असे हॉर्न वाजले की घाबरून तिने वॉकरच सोडला. तेव्हापासून पांढरी गाडी दिसली की ती म्हणायची, "राहू दे आज. लांब आहे गाडी." आणि तो दिवस गेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. अंकल दिसायला साळसूद. सकाळी मफलर गुंडाळून कुत्र्यांना बिस्किटं घालायचे, मला बघून "गुड मॉर्निंग, बेटा" म्हणायचे. वरून कीर्तन आतून तमाशा, मी मनात म्हणायचे. आमचे मंगळवार-शुक्रवार यांना कसे कळतात? घरमालकाशी यांचं सूत असेल. भाडेकरूला वैताग आणून घालवायचं, मग यांच्या पुतण्याला घर द्यायचं, असं काहीतरी असेल. त्यात त्यांच्याकडून गाजरहलव्याची वाटी आली. गुन्हेगाराशिवाय इतकं तूप कोण घालतं? मी तो हलवा चाखलाही नाही. आईने मात्र वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि वर तिळाच्या वड्या भरून परत पाठवली. "शेजारधर्म आहे," म्हणाली.

तोंडावर विचारायची मात्र माझी हिंमत झाली नाही. विचारलं आणि ते भडकले तर या गल्लीत राहायचं कसं? मग मी सगळे करतात तेच केलं. गल्लीच्या ग्रुपवर कुणाचं नाव न घेता लिहिलं, "कृपया दूसरों के गेट के सामने गाड़ी न लगाएँ, घर में मरीज़ है." सगळ्यात आधी अंगठा आला तो अंकलचा. म्हणजे वर चेष्टाही. मी त्यांच्या गाडीचे फोटो काढून ठेवायला लागले. कुणाला दाखवणार होते, देव जाणे.

एका शुक्रवारी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. त्या दिवशी मुलीला शाळेत न सोडता शाळेच्या बसमध्ये बसवलं, गाडी कॉलनीच्या फाटकाबाहेरच ठेवली आणि धुक्यातून पायी परत आले. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याच्या टेबलाआड उभी राहिले. अंकल आले. त्यांनी आमच्या कुंड्या उचलल्या, एकेक करून, जपून. मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात आमच्या खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"भाईसाब, थोडा पीछे लो. और थोडा. बस, बस."

आई खिडकीचे गज धरून उभी होती, आणि तिचा हात वाहतूक पोलिसासारखा चालला होता.

मला बघून अंकल जरासुद्धा गडबडले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "आओ बेटा. बहनजी ने बताया था कि मंगल और शुक्र को आपकी गाड़ी दोपहर तक बाहर रहती है. हमारे गेट पर तो बेटे की गाड़ी खड़ी रहती है. बिना पूछे किसी के गेट के आगे हम नहीं लगाते." त्यांचं वागणं गल्लीच्या रीतीला धरूनच होतं. रीत अशी की घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, आणि आमच्या घरात मोठी ती होती. मी "थँक यू, अंकल जी" म्हणाले. का म्हणाले, मलाच कळलं नाही.

घरात गेले तेव्हा आई पलंगावर बसून पायावरची शाल सारखी करत होती. मला भयंकर राग आला होता. "पाय कायमचा जाईल, कळतंय का तुला? मी रजा टाकून, ऑफिसात बोलणी खाऊन तुला न्यायला बघते, आणि तू त्यांना जागा देतेस?"

"दुखतं गं तिथे."

"दुखण्याला तू कधीपासून भ्यायला लागलीस?"

तिने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. दिवसभर दिल्लीला नावं ठेवणारी बाई ही. इथलं पाणी वाईट, हवा वाईट, भाजीत टोमॅटोशिवाय काही नाही, माझं कराडचं घर बरं. मग खाली बघत म्हणाली, "पाय बरा झाला की पाठवणार ना मला? परवा दादाशी बोलत होतीस. चालायला लागली की तिकीट काढू, म्हणालीस. तिथे त्या बंद घरात मी एकटी काय करू?"

अंकल, घरमालक, पुतण्या, हलवा, माझे सगळे संशय फुकट गेले होते. तिचा एकच होता, आणि तो खरा होता. मी तसंच म्हणाले होते.

मी तिच्यासमोर भावाला फोन लावला. म्हटलं, "ऐक. आई आता इथेच राहणार आहे. पाय बरा झाला तरी. तिकिटाचं विसर." तो "अगं पण" म्हणेपर्यंत मी फोन ठेवला. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी तिचा स्वेटर शोधत राहिले.

आई माझ्याकडे निरखून बघत होती.

"फोन खरंच लागला होता ना गं?" तिने विचारलं.

मी फोन तिच्या हातात दिला आणि दादाचा नंबर तिला स्वतःला लावायला सांगितलं.