ठाण्यात असताना

नत्थूजी कंपोझिटरांना इतवारीतल्या छापखान्यात सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात अर्धं नागपूर त्यांनी आजाराने मारलं होतं. तेरवीच्या पत्रिकेतली ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले’ ही ओळ ते शिशाच्या खिळ्यांत जुळवून, सुतळीने बांधून तयारच ठेवत. कोणी सायकलवरून पडून गेलं, कोणी विहिरीत पडून. पत्रिकेत सगळे आजारी. घरच्यांचीही कधी तक्रार नसे.

चौऱ्याहत्तर साली मार्चमध्ये बाबाराव कोष्टी धाकट्या भावाच्या, ईश्वरदासच्या तेरवीचा मजकूर घेऊन आला. सोबत ईश्वरदासची बायको चंद्रकला होती. नत्थूजींनी काही न विचारता नाव, तारीख जुळवली आणि सवयीने मधे ती ओळ बसवली. चंद्रकला चौथी शिकलेली. प्रूफावर बोट ठेवून वाचता वाचता ती थांबली.

“बिमार? हे कवा बिमार होते, भाऊ?”

“पोलिसांनी मारलं त्याले!” बाबाराव उसळला. “सूतचोरीचा संशय घेऊन नेलं न् मारलं. तसंच छापा.”

आवाज ऐकून मालक मनोहरराव बाहेर आले. “नत्थूजी, आहे तेच राहू द्या. उद्या छापखान्याले कुलूप लागलं त?” मालकांना तरी काय बोलावं, पोट त्यांनाही होतंच.

नत्थूजींची मान खाली गेली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही काय पाह्यलं ते सांगा.”

“दुपारी दोन पोलीस आले. हे मागावर विणत बसले होते. आपल्या पायानं चालत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेली, त मेले म्हणून सांगतलं.”

“मारताना पाह्यलं?”

“पाहू देलं असतं का?”

‘मारले’ हे खिळे उचलायला नत्थूजींचे हात शिवशिवत होते. पण न पाहिलेलं आजारपण छापून आत्ताच शरमिंदे झालेले ते, न पाहिलेला खून कसा छापणार? त्यांनी जुळवलं: ‘दि. ४ रोजी दुपारी पोलीस ठाण्यात नेण्यात आले. दि. ५ रोजी सकाळी ठाण्यात असतानाच मृत्यू झाला.’

मनोहररावांनी पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. खोडायला काही सापडेना. “खोटं त नाही काही,” ते पुटपुटले आणि छापू दिलं. बाबाराव मात्र फणफणत गेला. इतकं मिळमिळीत त्याला नको होतं.

तेरवीला नत्थूजी गेले. पंगत उठली तेव्हा उमरेडहून आलेले ईश्वरदासचे मामा, चंपतराव, पत्रिका हातात धरूनच बसले होते.

“ठाण्यात कशानं मेला गा?”

बाबारावने तोंड उघडलं, पण चंद्रकला दारातून बोलली. “मले कोणी नाही सांगतलं, मामाजी. तुम्ही विचारून पाहा.”

“चाला मंग, विचारू,” म्हणत चंपतराव उठले. त्यांच्या मागे पंधरा-वीस माणसं उठली. नत्थूजींनीही चपला शोधल्या. सगळ्यांच्या पुढे चंद्रकला होती. ठाण्याचा रस्ता तिला माहीत होता.