पहिल्या रांगेतलं तळं

गीलाँगच्या नेव्हिल टॉमकिन्सने आयुष्यभर लोकांच्या घरात गालिचे अंथरले. त्यामुळे कुठेही गेला तरी त्याची नजर आधी जमिनीवर जाते. लेकीच्या लग्नात सगळं चर्च नवरीकडे बघत होतं आणि हा बाप पायाखालच्या गालिच्याचा सांधा बघत होता. सांधा वाकडा होता, हे तो अजूनही सांगतो. नवरीने काय घातलं होतं ते मात्र त्याला विचारू नका.

असा माणूस तळ्याकाठी मुक्कामाची जागा निवडायला लागला की बाकीच्यांनी सरळ खुर्च्या मांडून बसावं. आधी तो जागेभोवती फेरी मारणार. मग गुडघ्यावर बसून तळहाताने गवत चाचपणार. मग उठून नाक मुरडणार. इथे उतार आहे, तिथे मुंग्या आहेत. निलगिरीखाली नको, वारा नसतानाही फांदी पडते. नळाजवळ नको, लोक भांडी घासायला येतात आणि गप्पा मारत बसतात. नळापासून लांबही नको, कारण भांडी आपल्यालाही घासायची असतात. त्याच्या मते जगात एकच जागा शहाण्या माणसाला शोभते: सपाट, मागच्या रांगेतली आणि संडासाला लागून.

आणि तीस उन्हाळे त्याला ती मिळालीसुद्धा. दर नाताळानंतर, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, नेव्हिल आणि त्याची बायको ग्लेनिस आपली कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागे जोडून त्याच एका तळ्यावर जायची, त्याच मागच्या रांगेत. ग्लेनिसने तीस उन्हाळे खिडकीतून पुरुषांच्या संडासाचं दार पाहिलं. कोण किती वेळा जातो यावरून तिला अख्ख्या कॅम्पच्या तब्येती कळायच्या. पण तिची तक्रार नव्हती. भल्या सकाळी अनवाणी पाण्यावर जायची, पोहायची आणि ओल्या केसांनी परत येऊन नवऱ्याला चहा आणि टोमणे द्यायची. नेव्हिल तिच्यासोबत कधी गेला नाही. पाणी काय, ओलंच असणार.

मग ग्लेनिसचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसरा रांगेत आहे. काठी घेऊन ती गवतावर चालते, पण वाळू आणि उतार तिला जमत नाहीत. त्याच हिवाळ्यात जुन्या तळ्याच्या मालकाने तंबूवाल्यांना आणि कॅराव्हॅनवाल्यांना नारळ दिला आणि तिथे लाकडी झोपड्या बांधल्या. आत बाथटब, बाहेर शेकोटी. शहरातली माणसं आता तिथे निसर्गाच्या सान्निध्यात फेसाच्या पाण्यात बसतात.

एका रात्री जेवताना ग्लेनिसने काटा खाली ठेवला.

"ऐक नेव्ह. आता मला पाण्यापर्यंत चालवत नाही. तेव्हा यंदा खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. अंथरुणात पडल्या पडल्या."

"बघू."

"बघू नाही. नाही दिसलं तर कॅराव्हॅन विकायची आणि मी उन्हाळाभर होबार्टला बहिणीकडे राहणार. तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो."

"अगं, तुझी बहीण दिवसभर बोलते!"

"बोलू दे. मी समुद्राकडे बघत बसेन."

नेव्हिल बटाटा काट्याने ठेचत बसला. ग्लेनिस उगाच धमक्या देणारी बाई नव्हे. एकदा ती म्हणाली होती की यापुढे मी मासे साफ करणार नाही, तेव्हापासून तिने माशाला हात लावलेला नाही. आणि खरं सांगायचं तर नेव्हिल घाबरला. उन्हाळ्यात ती समोर नाही, ही कल्पनाच त्याला कधी शिवली नव्हती. तसं तिला सांगावं, हीसुद्धा शिवली नाही. तो फक्त म्हणाला, "मीठ कमी आहे."

सप्टेंबरात स्वारी मोहिमेवर निघाली. एका तळ्यावर जनरेटरची घरघर होती, दुसऱ्यावर पाण्यात फटफटणाऱ्या स्कूटरी. तिसरं इंटरनेटवर सगळ्यांना आवडलेलं होतं, म्हणून त्याने गाडीतून न उतरताच ते नापास केलं. असं करत करत तो शेतीवाल्यांच्या मुलुखात, वॅराबिला नावाच्या तळ्यावर पोचला आणि तिथे मात्र गाडीतून उतरला.

तळं काठोकाठ भरलेलं. पहिल्या रांगेच्या गवताला पाण्याच्या लाटा लागत होत्या. जमीन पाटासारखी सपाट. नेव्हिलने गवत चाचपलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाव ठेवायला काही सापडलं नाही.

ऑफिसात शेरिल नावाची बाई मटणाचं पॅटिस खात बसली होती. कॅम्प तिच्याच मालकीचा. ती येणाऱ्या प्रत्येकाला राजा म्हणते आणि प्रजेसारखं वागवते.

"जानेवारीत पहिल्या रांगेत जागा आहे का?" नेव्हिलने विचारलं.

"पहिली रांग? जानेवारीत?" शेरिल चावायची थांबली. "आहे की, राजा. सगळीच रिकामी आहे. पण मागे तळ्याच्या वळणावर झाडांखाली एक जागा आत्ताच सुटलीय. माझं ऐकशील तर ती—"

नेव्हिल मनात हसला. जन्मभर त्याने दुकानदारी पाहिली होती. दुकानदार मागचा तागा पुढे करायला लागला की पुढचा माल चांगला आहे, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"पहिल्या रांगेतली मधली," तो म्हणाला.

"नक्की?"

"पक्की."

शेरिलने खांदे उडवले आणि नाव लिहून घेतलं. ती एका माणसाला दोनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारायला ती काही त्याची आई नव्हती.

नेव्हिलने तिला आणखी पुष्कळ विचारलं होतं. न्हाणीघरात गरम पाणी किती वेळ येतं, कुत्री बांधतात की सोडतात, माश्या कधी सुरू होतात. फक्त हे तळं कुणाचं, एवढं विचारायचं राहिलं. त्या मुलुखातल्या शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की हिवाळ्यात पाणी साठतं आणि उन्हाळा लागला की कालव्याने फळबागांना आणि गाईंच्या कुरणांना जातं. पण नेव्हिल पडला गीलाँगचा. तिथे समुद्र असतो आणि तो जिथे ठेवला तिथेच राहतो.

पुढचे तीन महिने त्याचा तोरा बघण्यासारखा होता. न्हाव्याला सांगून झालं, दंतवैद्याला सांगून झालं, तेही तोंडात यंत्र असताना. "मधोमध जागा, पाण्याला लागून, आणि कुणाच्या लक्षातच आली नव्हती!" ग्लेनिसने खिडकीला नवीन पडदे शिवले. पातळ, बाजूला सारता येणारे. तिचा उत्साह बघून नेव्हिल एकटाच गॅरेजमध्ये शीळ घालायचा.

जानेवारीत गाडीने शेवटचं वळण घेतलं. समोर पहिल्या रांगेचं गवत होतं. त्यापुढे वाळू, वाळूपुढे भेगाळलेला गाळ, गाळात वाळलेल्या झाडांचे बुंधे. होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार कोरड्या मातीत जाऊन संपला होता. 'येथे पोहू नये' ही पाटी धुळीत उभी राहून आपलं काम चोख बजावत होती. आणि पार पलीकडे, डोळे बारीक केले तर, एक चकचकीत रेघ.

ग्लेनिसने काच खाली केली.

"तळं कुठाय?"

"ते काय," नेव्हिल म्हणाला आणि रेघेकडे बोट केलं.

मग त्याने एका फटक्यात कॅराव्हॅन मागे घेऊन पहिल्या रांगेच्या मधोमध लावली. इतकी सफाईदार की एरवी बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण बघायला कुणी नव्हतंच. अख्खा कॅम्प मागे वळणावर झाडांखाली होता, कारण तिथे तळं खोल आहे आणि पाणी उन्हाळाभर राहतं.

संध्याकाळी पाच वाजता सगळे आपापली खुर्ची, आपापली बिअर आणि वाटून खायला चीज-बिस्किटं घेऊन गोल करून बसतात. हा नियम सगळ्या कॅम्पांवर आहे आणि न जाणं म्हणजे तुरुंगातून सुटून आल्यासारखं दिसतं. नेव्हिल गेला. गोलाच्या मधोमध रॉस मॅकाय नावाचा म्हातारा गवळी बसला होता. त्याची गोठ्यातली हयात याच मुलुखात गेली होती.

"पहिल्या रांगेतला तूच का?" रॉसने विचारलं. "लेका, उशीर केलास. तुझं तळं माझ्या गाई प्यायल्या."

"दुर्बीण आणलीस ना?" दुसऱ्याने विचारलं.

"मला मोकळी जागा आवडते," नेव्हिल म्हणाला.

"मग तर मजा आहे तुझी," रॉस म्हणाला. "फेब्रुवारीत आणखी मोकळी होते."

जागा बदलून मिळेल का, म्हणून नेव्हिल शेरिलकडे जाऊन आला. वळणावरची सगळी जागा भरली होती. "दोनदा विचारलं होतं ना, राजा?" एवढंच ती म्हणाली, आणि तेवढं पुरेसं होतं.

रॉसचे टोमणे नेव्हिलने पचवले. पचवता येत नव्हतं ते ग्लेनिसचं गप्प बसणं. ती रागावली नाही, एक टोमणा मारला नाही. सकाळी उठायची, नवे पडदे बाजूला सारायची, धुळीकडे बघायची आणि पडदे पुन्हा ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी नेव्हिल बाहेर सॉसेज भाजत असताना आतून तिचा फोनवरचा आवाज आला. बहिणीशी बोलत होती. म्हणजे ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि विमानतळावर न्यायला येशील ना गं?"

सॉसेज जळाली. नेव्हिलने ती तशीच वाढली आणि तिने तशीच खाल्ली.

जेवण झाल्यावर तो कोरड्या तळ्यात फिरून आला. टाचेने जमीन ठोकून बघितली. टणक लागली.

सकाळी त्याने कॅराव्हॅन गाडीला जोडली. ग्लेनिस काही न विचारता पर्स मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. "घरी जाऊन तरी काय," एवढं ती खिडकीशी बोलली. फाटकापाशी डावीकडे हमरस्ता आहे. नेव्हिल उजवीकडे वळला.

"नेव्ह, रस्ता तिकडे राहिला."

"माहितीय."

गाडी सिमेंटच्या उतारावरून खाली उतरली आणि कॅराव्हॅनसकट तळ्यात शिरली. वळणावरून रॉस चहाचा मग घेऊन ओरडत पळत आला, म्हणजे त्याच्या वयाला जमेल तेवढा पळाला. "अरे थांब! वरचा पापुद्रा आहे तो! खाली गाळ आहे, गाळ!" गालिच्याखाली काय काय निघतं, हे ज्याने जन्मभर पाहिलं होतं, तो माणूस काच वर करून पुढे निघाला.

आणि बराच वेळ तो बरोबर होता. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचं पाणी झालं, पाण्यावर पेलिकन पक्षी दिसायला लागले. मग मागून एक लांब, ओला आवाज आला. कॅराव्हॅन डावीकडे कलली, गाडीची चाकं जागच्या जागी फिरली, आणि सगळा संसार चाकाच्या दांड्यापर्यंत रुतून बसला.

नेव्हिलने इंजिन बंद केलं.

"मला वाटलं, आणखी थोडं पुढे जाता येईल," तो म्हणाला. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "ग्लेन, होबार्टला जाऊ नकोस. मला करमणार नाही."

ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाने असलं वाक्य बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. ते बोलायला त्याला तळ्याच्या मधोमध फसावं लागलं.

"दार उघड," ती म्हणाली. "मला मागे कॅराव्हॅनमध्ये जायचंय."

खाली चिखल होता. नेव्हिलने कॅराव्हॅनपुढे घालायची मोठी चटई ओढून काढली आणि गाडीपासून कॅराव्हॅनच्या पायरीपर्यंत अंथरली. सवयीने हाताने सुरकुत्याही काढल्या. ग्लेनिस एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने त्याचा खांदा धरून त्यावरून चालत गेली. आत सगळे कप एका कोपऱ्यात घरंगळले होते. ती कशीबशी अंथरुणावर टेकली, पाय वर घेतले आणि पडदा सारला.

तेवढ्यात सगळा कॅम्प येऊन पोचला. शेरिल पुढे, तिच्यामागे रॉस, त्याच्यामागे चपला हातात घेतलेली बाकीची मंडळी. सगळे कॅराव्हॅन आणि पाणी यांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सल्ले सुरू झाले. दोर पुढून बांधा. छे, मागून बांधा. फळ्या आणा. मी सांगत होतो. मीही सांगत होतो.

"तळ्यात गाडी घालायला परवानगी नाही!" शेरिल ओरडली. यावेळी 'राजा' म्हणायचं राहून गेलं.

"कुठल्या तळ्यात?" नेव्हिल म्हणाला. तो पोटऱ्यांपर्यंत चिखलात होता.

कॅराव्हॅनची खिडकी उघडली.

"शेरिल," ग्लेनिसने विचारलं, "ट्रॅक्टर कधी येईल?"

"ट्रॅक्टरवाला गावात गेलाय. दुपार होईल, नाहीतर संध्याकाळ. तुम्ही बाई तोपर्यंत वर चला, मी खुर्ची देते, सावलीत बसा."

"त्याला म्हणावं, सावकाश ये," ग्लेनिस म्हणाली. "आणि तुम्ही सगळे आता जरा बाजूला व्हा बघू. नेव्ह, तूसुद्धा. पाणी दिसत नाहीये मला."