खर्चात बसवलेला शालू

बोटातल्या अंगुस्तानानं, सुई टोचू नये म्हणून घालायच्या त्या धातूच्या टोपीनं, शिलाई मशीनवर टकटक करायची आणि म्हणायचं, "खर्चात बसवू की!" गिऱ्हाईक कितीही अडलेलं असो, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मास्तरांचं उत्तर ठरलेलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा शिंपी असेल. पण चहाचा कपसुद्धा अंगुस्तान घालूनच उचलणारा दुसरा मी पाहिला नाही.

टीव्हीवर एकच वाहिनी होती, तेव्हा मास्तरांनी एका ऐतिहासिक मालिकेचे कपडे शिवले होते. चित्रीकरण वेरूळच्या वाटेवरच्या एका जुन्या दगडी इमारतीत. आजकालच्या मालिकांतले झगमगीत महाल पाहिले की त्यांना हसू फुटायचं. "आमचं सैन्य आठ जणांचं. सकाळी शत्रूकडून मरायचे, जेवून उठले की राजाकडून लढायचे. मुकुट पुठ्ठ्याचा. राजानं मान हलवायची नाय, एवढीच अट!"

सिंहासनामागं जरीचा पडदा हवा होता आणि पैसे संपले होते. मास्तर सवयीनं "खर्चात बसवू की" म्हणाले आणि घरून बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, लग्नातला शालू घेऊन गेले. न विचारता. तिथं दगडात खिळा ठोकायला बंदी, म्हणून खांबाआड उभं राहून दिवसभर तो त्यांनी हातानं धरला. एकदा हात चित्रात आला. दिग्दर्शक तोंडाला येईल ते बोलला, पण पुन्हा घ्यायला पैसे होते कुठं? राहिला तसाच.

शालू परत आला तो चित्रीकरणाच्या दिव्याच्या आचेनं भोक पडून. काकूंनी तो पेटीत टाकला आणि ती मालिका कधीच पाहिली नाही.

"अगं, एकदा बघ तरी," मास्तर म्हणायचे. "जमिनीला टेकू दिला नाय मी."

"लई थापाडा माणूस हाय, भाऊ," काकू मला सांगायच्या. सूर थट्टेचा असायचा. मास्तर सुईत दोरा ओवायला लागायचे. त्यांना ते किती लागायचं, हे मला दिसायचं. तिनं एकदा खरं मानावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. परवा काकूंनी मला दारातून हाक मारली. "भाऊ, ते मोबाइलवर घावतं का?"

मालिका शोधली, आणि सापडली. चित्र धुरकट होतं. काकूंना नीट दिसावं म्हणून मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. राजा ताठ मानेनं बोलत होता. मागं शालू. आणि खांबाआडून आलेली तीन बोटं, मधल्या बोटात अंगुस्तान.

"थांबवा. तिथंच."

मी थांबवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या बोटांनाच म्हणाल्या, "खरंच धरला व्हता की तुमी."

माझा हात भरून आला होता. पण मोबाइल खाली घ्यायचं माझ्यानं झालं नाही.