मोटार-वाइंडिंगच्या वर्गातली होडी

भोपाळपासून तुटून रायपूरला नवं राज्य झालं तेव्हा आमच्या खात्याला जागा मिळाली ती एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. माझ्या खोलीच्या दारावर ‘ड्रेसिंग रूम’ अशी पाटी होती आणि ती पुढे दोन वर्षं कोणी काढली नाही. काढण्यासारखं कारणही नव्हतं. फायलींना पट्ट्या बांधण्यापलीकडे मी आत फारसं काही करत नव्हतो. माझ्याकडे रोजगार-प्रशिक्षणाची योजना होती. पैसा दिल्लीचा, वर्ग आमचे आणि मध्ये मी, स्वतःच्या हुशारीवर फार विश्वास असलेला एक बाबू.

आमच्या कामाचा एक रिवाज होता. दिल्लीकडे जे मागायचं ते दुप्पट मागायचं. दिल्लीवाले अर्धं कापतात हे आम्हाला ठाऊक, आम्ही दुप्पट मागतो हे त्यांना ठाऊक. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे मामा बसतात तसे दोन्ही पक्ष गंभीर चेहऱ्याने बसायचे आणि शेवटी सगळं ठरल्यासारखंच व्हायचं.

प्रस्ताव तयार करायला मला महिना दिला होता. मी तो चहा आणि डबा यांच्या मधल्या वेळात केला. भोपाळहून वाटणीत आलेल्या सामानात जुन्या राज्याचा प्रस्ताव होता, फ्लॉपीवर, आयता. कॉम्प्युटरमध्ये एक शब्द शोधून सगळीकडे दुसरा बसवायची सोय असते, हे मी नुकतंच शिकलो होतो. ‘भोपाळ’च्या जागी ‘रायपूर’ टाकलं, एक बटण दाबलं, संपलं. आकडे दुप्पट केले. साहेबांनी विचारलं, “इतनी जल्दी हो गया?” मी म्हटलं, “जी सर, लगा रहा.”

फक्त एक पान मी स्वतः लिहिलं. तेलीबांध्याच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांसाठी मोटार-वाइंडिंगचा वर्ग चालायचा. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, जुनी तार काढून नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, असं ते काम. शिकवायचे रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक मास्तर. मूळचे वर्ध्याकडचे, चौबे कॉलनीत आमच्या शेजारचे. मी त्यांना काका म्हणतो, कारण सायकल त्यांनी शिकवली. त्यांनी मला घरी येऊन सांगितलं होतं, “दुप्पट-बिप्पट नको लिहू बे. जेवढं लागते तेवढंच माग. बायाईचं काम आहे, खरं लिही.” मी खरं लिहिलं. दोन दिवस मला फार पवित्र वाटत होतं.

दिल्लीत लांबलचक टेबल होतं. साहेब पुढे, मी मागे. साहेबांनी न बघता हात मागे करायचा आणि मी त्यात नेमका कागद ठेवायचा, अशी पद्धत. समोरचे मोठे अधिकारी लाल पेन्सिल घेऊन बसले होते. प्रत्येक पानावर अर्धं कापून पुढे जात होते. मोटार-वाइंडिंगपाशी थांबले. “इतना कम? इतने में होता क्या है? छोटी चीज़ें राज्य ख़ुद कर ले.” आणि त्यांनी पूर्ण पानावर एक रेघ ओढली.

मग म्हणाले, “और ये बोट वाला?”

साहेबांचा हात मागे आला. मी पान काढलं आणि तेव्हा पहिल्यांदा वाचलं. पर्यटनासाठी मोठ्या तलावावर होडी चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण, रायपूर. तलाव भोपाळचा होता. माझ्या एका बटणाने तो उचलून आमच्याकडे आणला होता.

“रायपुर में इतनी बड़ी झील है?”

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “तालाब बहुत हैं, सर.” यात खोटं काही नव्हतं.

“अच्छा है. नया राज्य, नई सोच.” होड्यांचा एक पैसा कापला नाही. दुप्पट मागितलेलं जसंच्या तसं मंजूर.

परतीच्या गाडीत साहेबांनी विचारलं, “ये बोट किसने डाली?” मी बटणाची गोष्ट सांगितली. गोंदियाला त्यांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “अब चलाओ.”

मास्तरकाकांना सांगायला मी दोन दिवस घेतले. वर्गात बारा बाया होत्या, अभ्यासक्रम अर्धा झालेला, परीक्षा तीन महिन्यांवर. परीक्षा नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय गोल बाजारातला कोणताही पंपवाला त्यांना मोटारीला हात लावू देणार नव्हता. होडीचे पैसे मोटारीला वळवता येत नव्हते. सरकारात ज्या कामाचा पैसा त्याच कामाला. वळवला की चौकशी.

“म्हणजे माह्या बायाईले घरी पाठवायचं,” काका म्हणाले, “आन् होडी शिकवायची. कोणाले? तलावातल्या म्हशीईले?”

“काका, चुकलं.”

“चुकलं नाही बे. तू हुशारी करून राहिला होता.”

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, “काहून, पोट दुखते?” मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “होडीले मोटार नाही राहत का?”

दुसऱ्या दिवशी मी टिपण लिहिलं की नौकाचालनाच्या प्रशिक्षणात मोटार-दुरुस्ती हा अनिवार्य भाग असून त्याची सुरुवात तेलीबांध्याच्या केंद्रातून करणे इष्ट. काका म्हणाले, होडीचं इंजिन डिझेलचं राहते. मी म्हटलं, काका, फाइलीत वास येत नाही. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं, “तैरना भी सिखाओगे?” एवढंच विचारलं आणि सही केली.

नियमाप्रमाणे एक होडी विकत घ्यावी लागली. ती केंद्राच्या अंगणात आली आणि तिथेच राहिली. बाया तिच्यात तारेची वेटोळी, डबे आणि चपला ठेवत. एकीचं तान्हं बाळ दुपारी तिच्यात झोपत असे. त्या होडीतला तो एकमेव प्रवासी.

दिल्लीहून तपासणीला एक अधिकारी आले. होडीभोवती फिरले. वयाने सगळ्यात मोठ्या बाईला विचारलं, “नाव चला लेती हो?”

ती तार गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “हव साहब. पहले मोटर तो बन जाए.”

त्यांनी ‘अत्यंत समाधानकारक’ असं लिहिलं.

परीक्षा झाली, बाराही बाया पास झाल्या. मी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी तीच बाई माझ्या ड्रेसिंग रूममध्ये आली आणि प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. “भैया, इसमें मोटर कहाँ है?”

प्रमाणपत्रावर ठळक अक्षरांत ‘नौकाचालक’ लिहिलं होतं. पैसा ज्या नावाचा, प्रमाणपत्र त्याच नावाचं. हे मला आधी सुचायला हवं होतं. गोल बाजारातल्या दुकानदाराने तिला विचारलं होतं, दुकानात पाणी भरलंय का.

मी खात्याच्या कागदावर बारा पत्रं लिहिली, की सदर नौकाचालक यांना पंपाची मोटार बांधता येते. साहेबांचा शिक्का मारला. मग काका आणि मी पंधरा दिवस, सुटी टाकून, एकेका बाईबरोबर दुकानं फिरलो. पहिल्याच दुकानात मालक पत्र वाचून हसायला लागला. बरोबरची बाई कोपऱ्यातला जळका पंप ओढून खाली बसली. संध्याकाळी पंपाने पाणी फेकलं आणि मालक म्हणाला, “कल दस बजे आ जाना.” बाराव्या बाईला काम लागलं त्या दिवशी काकांनी मला चहा पाजला. माफ केलं असं मात्र म्हणाले नाहीत.

दोन-तीन उन्हाळ्यांनंतर आमच्या घरचा पंप जळला. दुकानाने पाठवलं ते नेमकं त्या सगळ्यात मोठ्या बाईलाच. तिने मोटार उघडली, पाहिली आणि मजुरी सांगितली. मी म्हटलं, “ज़रा ज़्यादा नहीं है, दीदी?”

“दुगुना बताया है भैया,” ती म्हणाली. “आधा तो आप काटोगे ही.”

दिल्लीत खरा आकडा मागितल्यावर काय झालं, हेही काकांनी वर्गात तारेबरोबर शिकवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी एक पैसाही कापला नाही.