आरोग्यमेरीच्या दगडावरची ओळ

नागोजीराव शिंदे मैसूरच्या देवराज मोहल्ल्यात गेली चौतीस वर्षं दगडावर अक्षरं कोरतात. घरांच्या पाट्या, देवळांतल्या देणगीदारांची नावं, ख्रिस्ती कबरींचे दगड, काहीही. त्यांचे पणजोबा इथल्याच राजाच्या घोडदळात होते, असं ते नव्या गिऱ्हाइकाला हटकून सांगतात. कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून आधी खडूनं लिहायचं आणि गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावायचं, हा त्यांचा नियम. गेल्या ऑक्टोबरात याच नियमानं त्यांच्या दुकानात भांडण पेटलं.

जयलक्ष्मीपुरमच्या रेजिना टीचर आईच्या, आरोग्यमेरीच्या, कबरीचा दगड पाहायला आल्या होत्या. सोबत धाकटा भाऊ जयराज. टीचर कॅथलिक. जयराजही तसाच वाढलेला, पण लग्नानंतर बायकोच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाऊ लागलेला. टीचरनी शेवटची कन्नड ओळ वाचली, ‘आरोग्यमेरीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा.’

“हे नको, अक्का,” जयराज म्हणाला. “अम्मा प्रभूजवळ पोचली. आता कसली प्रार्थना?”

“पोचेलच रे. पण आधी शुद्धिस्थानात आत्मा स्वच्छ होतो. आपल्या प्रार्थनेनं तिला तेवढीच मदत.”

“येशूनं क्रुसावर सगळं धुऊन टाकलंय. पुन्हा काय धुवायचं? बायबलमध्ये कुठाय हे?”

“आमच्या बायबलात आहे. ज्या पुस्तकात आहे, ते तुमच्या लोकांनी बायबलातूनच काढून टाकलं!”

नागोजीरावांनी स्टूल पुढे सरकवलं. “टीचरम्मा, बसा आधी. म्हणजे शुद्धिस्थानातून कोणी खालीपण जातो का?”

“छे! तिथं गेलेला स्वर्गात जाणारच.”

“मग जयराज सार, तुमचं नि यांचं भांडण फक्त वाटेवरच्या थांब्याचंच की!”

दोघांनाही हसू आलं, पण मागे कोणी हटेना. दोन नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतांच्या दिवशी, दगड बसायला हवा होता. हातात आठच दिवस होते.

रात्री जेवताना नागोजीरावांनी बायकोला, वनजाला, सगळं सांगितलं.

“आपल्याकडे तरी कुठे एकमत आहे?” वनजा भात वाढत म्हणाली. “अप्पांच्या श्राद्धाला तुमचे थोरले भाऊ पिंड मांडतात. धाकटे भावजी म्हणतात, अप्पा मुक्त झाले, बोलावता कशाला? पण गोत्र सांगताना दोघं एकच सांगतात ना? तसं त्यांचंही काहीतरी असेल. विचारा की!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. “तुमच्या दोन्ही चर्चांत सारखंच म्हणतात, असं काही आहे का हो?”

 टीचरनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून म्हणतात तो विश्वासाचा पाठ हळूच सुरू केला. तिसऱ्या ओळीला जयराजचा आवाज मिसळला. लहानपणी आईनंच शिकवलेला पाठ तो, नव्या चर्चमध्येही चालणारा. शेवटाकडे येता येता टीचरनी पदर डोळ्यांना लावला, पुढचं जयराजनं एकट्यानं पूर्ण केलं. “शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांवर मी विश्वास ठेवतो.”

“हे चालेल?” नागोजीरावांनी विचारलं.

“चालेल,” टीचर डोळे पुसत म्हणाल्या. “पण प्रार्थना मी करणारच हां.”

“कर की. दगडावर नको, एवढंच.”

नागोजीरावांनी जुनी ओळ ओल्या फडक्यानं पुसली आणि नवी लिहायला घेतली.

दोन तारखेला सकाळी जयराजच्याच गाडीतून दगड दफनभूमीत नेला. तो बसवून झाल्यावर टीचरनी मेणबत्त्या लावल्या आणि आईसाठी जपमाळेची प्रार्थना म्हटली. जयराज जरा लांब उभा होता. शेवटी तोही पुढे आला आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाला, “प्रभू, अशी आई दिलीस, तुझे आभार.”

“बघ, केलीस ना प्रार्थना!”

“तिच्यासाठी नाही, अक्का. तिच्याबद्दल आभार मानले. फरक आहे.”

“काय मोठा फरक!”

वाद घालतच दोघं फाटकाकडे निघाले. नागोजीरावांनी कडेचं ओलं सिमेंट निपटलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि भराभर चालू लागले. त्या नादात दोघं आपल्याला इथंच विसरून गाडी घेऊन जातील, अशी त्यांना धास्ती वाटत होती.